बाकीचा ऑक्सिजन कुठं गेला?

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या घरची मंडळी, आणि पुढं खुर्च्या रिकाम्या असताना मागं दाराशी उभ्या राहिलेल्या पोरांनो,

संयोजकांनी मला ‘हायड्रोजन : उद्याचं इंधन’ हा विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. उद्याच्या इंधनाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे काही ना काही विकत असतात. मला बोलायचंय ते दाराशी उभ्या असलेल्यांशी. तुमच्यातला एखादा, एखादी बीएस्सी-एमएस्सी करून या इंधनावर पीएच.डी. करायला जाऊ शकते. ती कशी, कुठं आणि मुख्य म्हणजे कोणता प्रश्न घेऊन, एवढंच आजचं बोलणं आहे. वडीलधाऱ्यांनी ते ऐकावं, कारण शेवटी पोरगी पाच वर्षं पुण्याला पाठवायची की नाही हे घरात ठरतं, विद्यापीठात ठरत नाही.

सुरुवात शाळेपासून करतो. माझी शाळाही बुलडाणा जिल्ह्यात, घाटाखालचीच. पाण्याचं विद्युत अपघटन पुस्तकात होतं, उपकरण शाळेत नव्हतं. गुरुजींनी टॉर्चचे चार नवे सेल आणले, संपलेल्या सेलमधून कार्बनच्या दोन कांड्या काढल्या, दोन परीक्षानळ्या उपड्या धरल्या. पुस्तकात लिहिलं होतं की पाण्यात थोडं आम्ल टाका, नाहीतर वीज वाहत नाही. गुरुजी हसले. म्हणाले, आपल्या विहिरीच्या पाण्याला आम्ल कशाला? खारंच आहे ते. बुडबुडे निघाले. एका नळीला पेटती काडी लावली तर ‘फट्’ असा आवाज झाला. तो हायड्रोजन. पुस्तकाप्रमाणं दुसऱ्या नळीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन हवा होता. तेवढा नव्हताच. जेमतेम नखभर वायू, आणि वर ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या पावडरचा वास. आम्ही वहीत मुकाट्यानं ‘दोनास एक’ लिहिलं. गुरुजींनी त्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं : बाकीचा ऑक्सिजन कुठं गेला?

उत्तर त्यांनी सांगितलं नाही. ते मला फार उशिरा कळलं. आपल्या पाण्यात क्लोराइड असतं. कांडीवर येऊन इलेक्ट्रॉन देण्याची संधी पाण्यालाही असते आणि क्लोराइडलाही. हिशेबानं पाण्याचा नंबर आधी लागायला हवा, कारण त्याला १.२३ व्होल्ट पुरतात, क्लोराइडला १.३६. पण ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात, क्लोरीनला दोनच. काम कमी, म्हणून क्लोरीन पुढं घुसतो. तो पाण्यात विरघळतोही, म्हणून नळी भरत नाही, नुसता वास येतो. एका पृष्ठभागावर दोन प्रक्रिया शक्य असताना कोणती व्हावी आणि किती झटकन व्हावी, हे त्या पृष्ठभागानं ठरवायचं. याच शास्त्राला विद्युत-उत्प्रेरण म्हणतात. गुरुजींनी तो शब्द कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. प्रश्न मात्र त्यांनी नेमका तिथलाच विचारला होता.

उत्प्रेरक म्हणजे काय हे खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन विकलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तो अडत्या असतो. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही, पण त्याच्या ओट्यावर आल्याशिवाय सौदा होत नाही, आणि सौदा झाल्यावर तो जागच्या जागीच. चांगल्या अडत्यानं माल धरावा आणि सोडावा. धरलाच नाही तर घेणारा आणि विकणारा भेटत नाहीत. धरून गोदामातच ठेवला तर ओटा अडून बसतो. फ्रान्सच्या पॉल साबातिएनं शंभर वर्षांपूर्वी हाच नियम रसायनाच्या भाषेत मांडला. त्याला १९१२ चं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण उत्प्रेरक शोधणारे आजही त्याच्याच नियमानं चालतात.

हायड्रोजनच्या बाजारातला सर्वांत भरवशाचा अडत्या प्लॅटिनम आहे. त्याची अडतही तशीच आहे.

आता इंधनघट. नाव अवघड, वस्तू सोपी : शाळेतला प्रयोग उलटा चालवायचा. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवेतला ऑक्सिजन, मधे एक पातळ पडदा. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पडद्यातून जाऊ शकत नाहीत, ते बाहेरच्या तारेनं फिरून येतात. ती वीज. शेवटी पाणी उरतं. ही युक्ती विल्यम ग्रोव्ह या वेल्सच्या वकिलानं १८३९ मध्ये दाखवली. पुढं तो न्यायाधीश झाला, आणि त्याची युक्ती शंभर वर्षं कपाटात राहिली. फ्रान्सिस बेकन या इंजिनिअरनं १९५९ मध्ये पाच किलोवॅटचा घट चालवून दाखवला, तोही प्लॅटिनमशिवाय, तापलेल्या अल्कलीत निकेल वापरून. त्या वाटेचे घट अपोलो यानांत बसले. चंद्रावर गेलेले लोक त्या घटांत तयार झालेलं पाणी प्यायले. आपल्या इस्रोनंही १ जानेवारी २०२४ ला सोडलेल्या पीएसएलव्ही-सी५८ बरोबर शंभर वॅटच्या वर्गातला पडद्याचा इंधनघट अवकाशात नेऊन चालवला.

इथं एक गैरसमज मोडून टाकतो, कारण दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या मोबाइलवर एक चित्रफीत येते. कुठलासा हुशार माणूस ‘पाण्यावर चालणारी मोटारसायकल’ दाखवतो आणि खाली लिहिलेलं असतं की तेल कंपन्यांनी हे दाबून ठेवलं. कोणी दाबलेलं नाही. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख आहे. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून हायड्रोजन काढायचा तर वीज घालावी लागते, आणि जेवढी घालाल तेवढी परत येत नाही. एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो घटात घालून जी वीज मिळते ती १६ ते १८ युनिट. शंभर पेरले, तेहतीस उगवले. हा व्यवहार कोणता शेतकरी करील?

म्हणून माझं मत उघड सांगतो. स्कूटर, रिक्षा, लहान कार यांच्यासाठी हायड्रोजनची गरज नाही. तिथं बॅटरी जिंकली. नितीन गडकरी ३० मार्च २०२२ ला हायड्रोजनवरच्या टोयोटा मिराईतून संसदेत आले, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. चित्र छान होतं, पण हायड्रोजनचं खरं गिऱ्हाईक तुमच्या घरात, युरियाच्या पोत्यात आहे. युरिया अमोनियापासून होतो, अमोनियाला हायड्रोजन लागतो आणि तो आपण आज मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून-फोडून काढतो. त्यातला बराच वायू परदेशातून येतो. खतकारखाने आणि तेलशुद्धीकरण हीच देशातली हायड्रोजनची मोठी गिऱ्हाइकं. त्यांच्यामागं पोलाद, जहाजं आणि लांब पल्ल्याचे ट्रक उभे आहेत. केंद्रानं ४ जानेवारी २०२३ ला मंजूर केलेलं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान १९,७४४ कोटींचं आहे, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे. त्यात संशोधनासाठी किती? ४०० कोटी. शंभरातले दोन रुपये. मोठी रक्कम कारखानदारांना प्रोत्साहन म्हणून जाते. उत्पादन वाढायला ती लागतेही, पण पुढच्या पिढीचा उत्प्रेरक त्या पैशातून येत नाही.

तो कुठून येतो ते पुण्यात पाहायला मिळतं. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासूनची. तिला सगळे एनसीएल म्हणतात. तिथं श्रीकुमार कुरुंगोट आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं इंधनघटाच्या उत्प्रेरकांवर काम करत आहेत. २०१६ मध्ये एनसीएलची पालकसंस्था सीएसआयआर हिनं पुण्याच्याच केपीआयटी कंपनीशी हात मिळवला. कराईकुडीची विद्युत-रसायन प्रयोगशाळाही सोबत होती. १० ऑक्टोबर २०२० ला एनसीएलच्या आवारात एक कार फिरली, तिच्यात देशात बनवलेला दहा किलोवॅटचा घटसंच होता. टाकीत ३५० बार दाबाखाली पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि ताशी ६०-६५ किलोमीटरच्या वेगानं अडीचशे किलोमीटरचा पल्ला अपेक्षित. २१ ऑगस्ट २०२२ ला पुण्यातच बस निघाली. २८ फेब्रुवारी २०२४ ला कोचीन शिपयार्डनं बांधलेली इंधनघटावरची प्रवासी बोट देशाला मिळाली, तिच्यातलाही घट याच वाटेनं आलेला. २०१६ ते २०२४ एवढा हा काळ आहे. त्यात किती प्रबंध खपले असतील याची कोणी फीत कापली नाही.

एनसीएलचे आजचे संचालक आशिष लेले यांचीही वाट पाहण्यासारखी आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीतून पदवी, अमेरिकेत डेलावेअरला पीएच.डी., मग परत एनसीएल. पॉलिमरवरच्या कामाला २००६ चा भटनागर पुरस्कार. मधे काही वर्षं उद्योगात, इंधनघटांच्याच कामात, आणि २०२१ पासून संचालक म्हणून पुन्हा त्याच आवारात. पॉलिमरचा माणूस हायड्रोजनमध्ये कसा? घटाच्या मधला पडदा पॉलिमरचा असतो ना! मुलांनो, हे लक्षात ठेवा, कारण ‘आमचा विषय विद्युत-रसायन नाही’ ही सबब इथं चालत नाही. पडद्याला पॉलिमरवाला लागतो, वायूच्या वाटांना मेकॅनिकलवाला, पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबाला भौतिकशास्त्र आणि संगणक, गळती हुंगायला सेन्सरवाला. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बीई झालेल्या मुलालाही या दालनात खुर्ची आहे.

आता आपल्या मातीकडे येतो. मी पुण्याला, मुंबईला, परदेशातही या विषयावर बोलणारी माणसं ऐकली. प्रश्न कुठून आणायचा हे कोणी सांगत नाही. बहुतेक पोरं मार्गदर्शक देईल तो प्रश्न घेतात आणि मार्गदर्शक बहुधा गेल्या वर्षीच्या शोधनिबंधातून तो काढतो. माझं म्हणणं असं की घाटाखालच्या पोराकडे स्वतःचे तीन प्रश्न आधीच आहेत.

पहिला खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात बुलडाणा, अकोला, अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत जमिनीखाली खारं पाणी आहे. ते पिता येत नाही, दिलं तर पीक जळतं. ते फोडून हायड्रोजन काढता आला तर? अल्कलीत काम केलं तर पाणी आणि क्लोराइड यांच्यातलं अंतर वाढून ४८० मिलिव्होल्टपर्यंत जातं. त्या फटीत बसणारा, निकेल-लोखंडासारख्या स्वस्त धातूंचा उत्प्रेरक मिळाला तर क्लोरीनला मागं ठेवता येतं. ऐकायला किती सुंदर आहे! आणि आता मीच यात खोट काढतो. एक किलो हायड्रोजनला हिशेबानं नऊच लिटर पाणी लागतं. पुण्याच्या त्या कारची टाकी भरायला सोळा लिटर, म्हणजे मोठ्या घागरीहून थोडं अधिक. एवढं पाणी आरओच्या यंत्रातून गोड करून घ्यायला जी वीज लागते ती पुढच्या पन्नास युनिटांपुढं काहीच नाही. मग खारंच पाणी फोडायचा हट्ट कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि समुद्राचं पाणी थेट फोडण्याच्या पुष्कळ निबंधांना त्याचं उत्तर देता आलेलं नाही. तरी मी हा प्रश्न सोडत नाही. आरओमधून निघालेलं दुप्पट-तिप्पट खारं पाणी टाकायचं कुठं, हे ज्यांच्या गावातून ते वाहणार आहे त्यांनीच विचारायला हवं. शिवाय आपलं पाणी नुसतं मिठाचं नाही. त्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, बायकार्बोनेट आहे. घागरीच्या तळाशी बसतो तोच पांढरा थर पाणी फोडताना ऋणाग्रावर बसतो आणि वाट बुजवतो. मिठाचं शुद्ध द्रावण प्रयोगशाळेत कालवून जे निकाल येतात ते शेगाव-नांदुऱ्याच्या बोअरला लागू पडतील की नाही, हे बघायला शेगाव-नांदुऱ्याचंच पाणी लागतं.

दुसरा प्रश्न पऱ्हाटीचा. १८७० मध्ये इंग्रजांनी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो कापसासाठी. कापूस गाडीतून गेला, पऱ्हाटी आपल्याकडे राहिली. काही चुलीत जाते, बाकीची बांधावर पेटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये शेतातल्या काडीकचऱ्यापासून सूक्ष्मजंतूंकरवी थेट हायड्रोजन काढायची पद्धत जाहीर केली. आधी हायड्रोजन, मग उरलेल्यातून मिथेन, आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा कार्यक्षमता पंचवीस टक्के जास्त. हीच ती संस्था, जिनं २०२० च्या जूनमध्ये आपलं लोणारचं सरोवर गुलाबी का झालं ते शोधलं. मिठात वाढणारे जीव, हे त्यांचं उत्तर होतं. एकाच छताखाली लोणारचे जंतू आणि काडीकचऱ्याचा हायड्रोजन! आपल्या जिल्ह्यातून तिथं किती पोरं अर्ज करतात, हे मी विचारणार नाही.

तिसरा प्रश्न चांदीचा, आणि माझा सर्वांत आवडता. खामगावच्या चांदीचं नाव देशभर आहे. इंधनघटात ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनम लागतं ते आम्लधर्मी पडद्यामुळं, कारण आम्लात टिकणारे धातू फार थोडे. पडदा अल्कलीधर्मी केला तर चांदी हे काम करू शकते, आणि चांगलं करते. शेतकऱ्यांनो, माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ लिहिलेला असतो ना, तो लोणारच्या पाण्यात दहाच्या आसपास असतो. तशा, किंबहुना त्याहून तिखट अल्कलीत चांदीचा अडत्या बसवायचा. अडचण चांदीची नाही, पडद्याची आहे. अल्कली वाहून नेणारा पडदा तापला की स्वतःच झिजतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला बाधतो. त्यावर जगभर काम चालू आहे आणि काम संपलेलं नाही. संशोधकाला याहून चांगली बातमी नसते.

इथं थोडं कडू बोलतो. या क्षेत्रात जेवढे शोधनिबंध निघतात तेवढे शोध लागत नाहीत. केळीची साल, नारळाची करवंटी, कोंबडीची पिसं, काय वाटेल ते भट्टीत घालून कार्बन करायचा, त्यावर नायट्रोजन चढवायचा, प्रयोगशाळेतल्या फिरत्या चकतीवर दहा तास मोजायचं आणि ‘प्लॅटिनमला टक्कर’ असं शीर्षक द्यायचं. पऱ्हाटीचाही असा कार्बन होईल, नक्की होईल. पण ट्रकचा घट पंचवीस हजार तास चालावा अशी अपेक्षा आहे. दहा तास कुठं आणि पंचवीस हजार कुठं! चकतीवर उत्तम ठरलेली पावडर खऱ्या घटात घातली की बरेचदा पाण्यात बुडते नाहीतर कोरडी पडते, आणि मग त्यावर दुसरा निबंध कोणी लिहीत नाही.

याहून मजेशीर घोटाळे आहेत. प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन काढल्याचा दावा करताना समोरचं दुसरं टोक प्लॅटिनमच्या तारेचं ठेवायचं. ती तार हळूहळू विरघळते, धातू येऊन आपल्या पावडरवर बसतो, आणि ‘माझा उत्प्रेरक दिवसेंदिवस सुधारतोय’ म्हणून विद्यार्थी खूश. सुधारत असतं ते चोरून आलेलं प्लॅटिनम. हवेतल्या नायट्रोजनपासून खोलीच्या तापमानाला विजेनं अमोनिया केल्याचे निबंधही ढिगानं आले. युरियाच्या पोत्याच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट! २०१९ मध्ये डेन्मार्कच्या गटानं इतरांबरोबर ‘नेचर’मध्ये तपासणीची कडक पद्धत मांडली : जड नायट्रोजन वापरून पाहा, त्याचाच अमोनिया होतो का ते दाखवा. तेव्हा कळलं की आधीच्या पुष्कळ ठिकाणी मोजला गेलेला अमोनिया हवेतला, हातमोज्यांवरचा, अशुद्ध वायूतला, माणसाच्या श्वासातलाही असू शकतो. आमचे गुरुजी तिथं असते तर त्यांनी वहीवर काट मारून लिहिलं असतं : हा अमोनिया कुठून आला?

पैशाचं बोलू. ते घरात विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यातली कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,००० आणि वर घरभाडं. हे आकडे जानेवारी २०२३ पासूनचे. ही अधिछात्रवृत्ती हातात असलेला विद्यार्थी एनसीएलमध्ये काम करतो आणि एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीची पीएच.डी. घेतो. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० पासून सुरू होते, पण तिची चाळणी बारीक आहे. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यासाठी विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलनं करावी लागली हेही सांगायला हवं. म्हणून पहिलं वर्षभर घरचा आधार ठेवूनच निघा. एमएस्सी झाली, लग्न झालं, मूल झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली अशा बायका या सभेत असतील. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-पीएचडी’ योजना नेमकी २७ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. ताई, माळ्यावरून पुस्तकं काढा.

परदेशाचं थोडक्यात. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्कमध्ये पीएच.डी. ही नोकरी असते. तिची जाहिरात निघते, करार होतो, पगार मिळतो. मारी क्युरीच्या नावानं युरोपात जी डॉक्टरेट जाळी चालतात त्यांत तर अट अशी की उमेदवार गेल्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा. म्हणजे तिथल्या स्थानिकापेक्षा आपला घाटाखालचा पोरगा सरस! मुंबईच्या आयआयटीची ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाबरोबर संयुक्त पीएच.डी. आहे. जवळचं बघायचं तर माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, जी. डी. यादव यांच्या गटानं तांबे-क्लोरीनच्या चक्रातून, उष्णतेच्या जोरावर पाणी फोडायची पद्धत ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर विकसित केली. ही वेगळीच वाट. त्याच आयसीटीचा एक परिसर आता जालन्याला आहे.

आणि जी पोरं म्हणतात की एवढी मोठी यंत्रं आपल्या विद्यापीठात नाहीत, त्यांनी कोल्हापूर बघावं. शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या चंचुपात्रात, साध्या द्रावणातून, खोलीच्या तापमानाला पातळ थर चढवण्याचं शास्त्र उभं केलं. एक चंचुपात्र, काचपट्ट्या, वेळ आणि शिस्त, एवढं भांडवल. त्यांच्या परंपरेतली खेड्यापाड्यांतली किती पोरं पुढं दक्षिण कोरियाच्या प्रयोगशाळांत गेली! तिथं यंत्रं मिळाली, हात इथं तयार झाले होते. अमरावती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नीट ऐकावी.

इंग्रजीची भीती मला माहीत आहे, मी ती पोटात घेऊनच पुण्याला गेलो होतो. प्रबंधाचं इंग्रजी फार मोठं नसतं. तेच हजारभर शब्द फिरून फिरून येतात. अवघड जातं ते वेगळंच. सात महिने एक पडदा रोज फाटतो. मार्गदर्शक परदेशी गेलेला असतो. घरून फोन येतो की पाऊस नाही, सोयाबीन वाळतंय, तुझं कधी संपणार. त्या महिन्यांत माणसाला जो प्रश्न खरोखर स्वतःचा वाटतो तोच टिकवून धरतो, उसना आणलेला धरत नाही. मी दोन वेळा सामान बांधलं होतं. दोन्ही वेळा वहीवरची ती काट आठवली.

उद्या सकाळी आठला मी इथल्या शाळेच्या प्रयोगशाळेत थांबणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. सेल, कांड्या, परीक्षानळ्या, काडेपेटी सगळं माझ्याकडे आहे. येताना आपापल्या विहिरीचं, बोअरचं एक-एक बाटली पाणी आणा आणि बाटलीवर गावाचं नाव लिहा.